अडतीस आले कुठून

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

अडतीस!

रिपोर्ट दोनदा वाचला. नाव तपासलं, वय तपासलं. पोपट, छप्पन्न. ह्यांचाच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीत एकवीस होता. ह्या वहीच्या शेवटच्या पानावर मी ह्यांच्या रक्तातल्या शिशाचे सगळे आकडे लिहून ठेवलेत. कोरेगावला बॅटऱ्यांच्या कंपनीत होते तेव्हा बावन्न, एकदा एकसष्टसुद्धा. शिसं वितळवून प्लेटा ओतायचं खातं, तिथं एकवीस वर्षं काढली. २०२१ला सोडलं तेव्हा सत्तेचाळीस. मग चौतीस, सव्वीस, एकवीस. दर वर्षी खाली. दर वर्षी मी कवठ्याला जाऊन येमाईपुढं नारळ फोडला. मला वाटलं, अजून चार-पाच वर्षांत सगळं निघून जाईल.

आणि आता अडतीस. पोट दुखतं, शौचाला होत नाही, म्हणून शिरूरच्या आपल्या डॉक्टरांनी रक्त पाठवलं होतं. त्यांनी कागद बघितला आणि मला विचारलं, हे सध्या कुठं कामाला जातात? मी म्हटलं, कुठं जाणार? जूनमध्ये मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलं, अडीच महिने खाटेवर होते. गणपतीत उठले, आता काठीनं चालतात.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, रक्तातलं शिसं म्हणजे नवं शिसं. एवढ्यात कुठून तरी अंगात गेल्याशिवाय आकडा असा चढत नाही."

हे शेजारी बसले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

५ नोव्हेंबर

अकरा वाजता निघतात. काठी आणि कापडी पिशवी. "पाय मोकळा करून येतो." तीन-साडेतीनला परत. ओट्यावर हातपाय धुतात आणि पडतात.

गणपतीपासून हे चाललंय, आठवड्यातून चार दिवस. मी म्हणत होते, बरंय, पाय सुटतोय. आज बसून विचार केला. मोडक्या मांडीचा माणूस चार तास पाय मोकळा करतो?

७ नोव्हेंबर

शेजारच्या पार्वतीबाई लेकीकडून येत होत्या. त्यांना हे एसटीतून उतरताना दिसले, न्हावऱ्याच्या अलीकडं त्या फाट्यावर. मला म्हणाल्या, "तुमचं मालक तिकडं कुठं गं?" सहज विचारल्यासारखं, पण सहज नाही.

त्या फाट्यावरून आत भट्टी आहे. जुन्या बॅटऱ्या फोडतात आणि शिसं वितळवतात. बोर्ड नाही, काही नाही. सगळ्यांना माहीत आहे. ह्यांच्याच खात्यातला मच्छिंद्र आता तिथं आहे. सप्टेंबरात केळी घेऊन बघायला आला होता आणि जाताना दारात हळूच म्हणाला होता, "पोपटदादा, तुमच्यासारखा ओतणारा गडी न्हाई तिथं. बसून काम हाय, पायाला तरास न्हाई." हे माझ्यासमोर नको म्हणाले.

माझ्यासमोर.

८ नोव्हेंबर

सरळ विचारलं.

"भट्टीवर जाता का?"

"न्हाई."

"मग फाट्यावर काय हाय?"

"हाय एक काम. सांगीन कवातरी."

कवातरी! सव्वीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याकडून हा शब्द ऐकला नव्हता. पिशवीत काय नेता म्हटलं, तर पिशवी उचलून खुंटीला लावली. रिकामी होती.

९ नोव्हेंबर

 वाढलं, जेवले, उठले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल डोळा लागला नाही. अडतीस, अडतीस. आंघोळ केली, देव धुतले, आणि ठरवलं. आमच्यात शेवटची एकच गोष्ट असते.

खंडोबाचा टाक पाटावर ठेवला. पुढं बेलाचं पान आणि भंडाऱ्याची डबी. ह्यांना हाक मारली. काठी टेकत आले, पाटाकडं बघितलं आणि त्यांना समजलं.

"जाई, एवढ्यावर गेलीस?"

 मला वाटलं, आता उचलायला कचरतील आणि खरं सांगतील. पण हे वाकले. वाकताना मांडी दुखते, तोंड वाकडं झालं. बेल आणि भंडारा तळहातावर घेतला. म्हणाले, "मल्हारीची आण. कंपनी सोडल्यापास्नं मी कुठल्या भट्टीची पायरी चढलो न्हाई." भंडारा कपाळाला लावला आणि बाहेर जाऊन बसले.

बेल-भंडारा उचलला की प्रश्न संपतो. माझ्या वडलांच्या वेळी बांधाची भांडणं अशीच मिटत. मग पुन्हा विचारायचं नसतं, मनातसुद्धा नाही. विचारलं तर तो देवावर संशय.

मी कपाळाला भंडारा लावला. पण आतून आवाज थांबला नाही. मग अडतीस आले कुठून?

१४ नोव्हेंबर

कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. माझा विश्वास बसला नाही.

बसावा कसा? कंपनीत रक्ताची तपासणी यायची तेव्हा ह्यांच्या युक्त्या मी बघितल्यात. आकडा फार चढला की भट्टीवरून काढून दोन महिने पॅकिंगला बसवायचे. तिथं आकडा उतरायचा, की पुन्हा भट्टीवर. ह्यांना पॅकिंग आवडायचं नाही, कारण ओतकामाचा वेगळा भत्ता मिळायचा. मग तपासणीच्या आधी दहा-पंधरा दिवस रजा टाकायची, गूळ खायचा, पाणी प्यायचं. रजेला कारण बहिणीचं लग्न. ह्यांच्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न कंपनीच्या रजिस्टरात चार वेळा झालंय. तेव्हा मीही हसले होते. रजा संपवून जाताना डबा मीच भरून दिला होता.

तेव्हा कंपनीला फसवलं. आता मला फसवत नसतील कशावरून? माणूस कामाशिवाय राहू शकत नाही, हे मला माहीत आहे. अडीच महिने खाटेवर पडून छताचे पत्रे मोजत होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे गेल्यावर दुपारी विनोद साहेब आले. कंपनीत सेफ्टीला आहेत. सप्टेंबरात ह्यांनी कंपनीकडं अर्ज केला होता, पोट, हाताला मुंग्या, हा आजार कामातून झालाय, उपचार कंपनीनं करावेत. त्याचं उत्तर घेऊन आले असतील असं मला वाटलं.

चहा घेतला, बिनसाखरेचा. देवघराला हात जोडले. ह्यांची चौकशी केली. मग म्हणाले, दादांनी अर्जाला जोडायला दिलेला नवा आकडा आमच्यापर्यंत आलाय, काळजी वाटते. मी इतके दिवस कुणाशी बोलले नव्हते. सगळं सांगून टाकलं. फाटा, मच्छिंद्र, पिशवी. बेल-भंडाऱ्याचं सांगितलं नाही.

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दादा ऐकणार नाहीत, ते स्वभावानंच तसे आहेत. पण भट्टीच बंद झाली तर? तुम्ही चार ओळी लिहून द्या, मी वर देतो. घरच्या माणसानं लिहिलं की अॅक्शन लगेच होते. दादांना कळायचंही नाही."

ह्यांच्या जिवासाठीच आहे ना, असं मी विचारलं. "मग कशासाठी?" म्हणाले.

मी लिहिलं. 'माझे पती सप्टेंबर २०२५ पासून सदर भट्टीवर कामास जात असल्याचे माझ्या निदर्शनास आले आहे.' मॅट्रिकला मराठीत मला त्र्याहत्तर होते. एकही खाडाखोड नाही. खाली सही, तारीख. त्यांनी कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवला आणि म्हणाले, काय सुंदर अक्षर आहे वहिनी तुमचं.

मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

१८ नोव्हेंबर

पूजा करताना मन हलकं होतं. चांगलंच केलं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

वांग्याचं भरीत, भाकरी, पातीचा कांदा. दुपारी तळी भरली. आळीतली पाच माणसं बोलावली होती. तळी उचलताना सगळ्यांनी येळकोट केला, ह्यांचा आवाज नाही आला. सगळे गेल्यावर मी भंडारा पुढं केला. ह्यांनी कपाळ मागं घेतलं.

"मी उचललाय एकदा. तेवढा पुरं हाय."

फाटा अजून चालूच आहे. भट्टीही चालूच आहे. विनोद साहेब फोन उचलत नाहीत.

२ डिसेंबर, मंगळवार

आज मी मागं गेले.

हे अकराला निघाले. मी दहा मिनिटं थांबले आणि रिक्षानं पुढच्या स्टॉपला जाऊन त्याच एसटीत मागच्या दारानं चढले. डोक्यावरून पदर. लाज वाटत होती, नवऱ्यामागं अशी चोरासारखी. हे फाट्यावर उतरले, मी उतरले. उजवीकडं आत भट्टीचा धूर दिसत होता.

हे डावीकडं वळले.

घोडच्या कालव्याकडं. काठी टेकत, दर पन्नास पावलांवर थांबत. तिथं पत्र्याची आठ-दहा घरं आहेत. शेवटच्या घरापुढं बाज टाकलेली, तिच्यावर एक माणूस बसलेला. मला ओळख पटायला वेळ लागला. हौसराव! ह्यांच्याच खात्यातले, ह्यांच्या आधीपासूनचे. एकेकाळी एका हातानं शिशाचा गोळा उचलून ठेवायचे, हे घरी येऊन सांगायचे त्यांच्या गोष्टी.

हात मांडीवर होते. मनगटापासून खाली लोंबत होते, पिळून टाकलेल्या फडक्यासारखे. वर होतच नव्हते. ह्यांनी पिशवीतून वस्तरा काढला, साबण काढला, आणि हौसरावांची दाढी करायला घेतली. मग फडक्यातून भाकरी काढली. माझीच भाकरी. मी म्हणत होते, मोडलेल्या हाडाला भूक लागलीय, हल्ली दोन जास्त लागतात. घास करून तोंडात घातला.

मी बाभळीमागं उभी होते. हौसरावांनीच मला आधी बघितलं.

"पोपट, वहिनी आल्यात." आणि मला, "या वहिनी. हा न्हावी फुकट हाय, पर रोज थोडं रगात काढतो."

ह्यांनी मागं वळून बघितलं. रागावले नाहीत. मला ते रागावलेले चालले असते.

हौसरावांची सून कांदे काढायला जाते, सहाला येते. दुपारी कुणी नसतं. बायको गेली दोन वर्षांपूर्वी. हे सगळं मला हौसरावांनीच सांगितलं. मी मडक्यातलं पाणी आणून त्यांना पाजलं. थोडं सदऱ्यावर सांडलं. ते म्हणाले, सांडू द्या, तेवढीच आंघोळ.

परत येताना फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"शिशानं गेलेलं हौसरावचं हात बघितलं असतंस, आन् मग रोज माझं हात बघत बसली असतीस."

३ डिसेंबर

कागदाबद्दल सांगितलं नाही. 

आण खरी होती. मग अडतीस आले कुठून? हा प्रश्न अजून तसाच आहे, आणि आता तो विचारायची भीती वाटते.

९ डिसेंबर, मंगळवार. दौंड

लेकीकडं, करिश्माकडं आहोत, रेल्वे कॉलनीत. जावई ज्ञानेश सिग्नलला आहेत, त्यांनी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावला होता. पहाटेच्या गाडीनं गेलो, संध्याकाळी परत. सगळं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

डॉक्टर बाई आहेत, करिश्मापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी कागद पुढं केले, माझं आकड्यांचं पान उघडून दाखवलं. त्या पान वाचत बसल्या. मला वाटलं विचारतील, सध्या कुठं काम करता. त्यांनी विचारलं, "काका, गेल्या सहा महिन्यांत कधी बरेच दिवस पडून होतात का?"



मांडीचं सांगितलं. अडीच महिने. त्यांनी मान हलवली, जणू हेच हवं होतं. मग मलाच समजावून सांगितलं, कारण वही माझ्या हातात होती.

अंगात गेलेलं शिसं रक्तात थोडंच राहतं. महिन्या-दीड महिन्यात रक्तातलं निम्मं होतं. काही लघवीवाटे जातं. बाकीचं हाडांत जाऊन बसतं. शरीर त्याला चुना समजतं, कॅल्शियम. हाड बांधताना त्यात घालून टाकतं. ते तिथं वीस-वीस, तीस-तीस वर्षं राहतं. मोठ्या माणसाच्या अंगातल्या शंभर भागांतले नव्वदच्या वर भाग हाडांत.

मी म्हटलं, "मग आकडा दर वर्षी उतरत होता तो?"

"तो रक्ताचा आकडा, काकू. हाडाचा नाही. नोकरी सोडल्यावर रक्तातलं उतरणारच. नंतर जे हळूहळू दिसत राहिलं ते हाडांतूनच पाझरत होतं." आणि म्हणाल्या, "माणूस खाटेवर पडून राहिला की हाडावर भार पडत नाही. हाड झिजतं. झिजलं की त्यातलं शिसंही सुटतं आणि पुन्हा रक्तात येतं. मोडलेलं हाड जुळतानाही तसंच. नवं काही अंगात गेलेलं नसतं."

"म्हंजी भट्टीवर न जाता?" मी विचारलं.

"घरात, खाटेवर पडून."

 ह्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी पॅकिंगला बसवायचे तवा उतरायचं ते?"

"काही लघवीवाटे गेलं, काही हाडांत साठलं. मग तुम्ही पुन्हा भट्टीवर."

ह्यांना हसू आलं. म्हणाले, "बहिणीची चार लग्नं वाया गेली की." डॉक्टर बाईंना समजलं नाही. मला हसता आलं नाही.

१० डिसेंबर

एकवीस म्हणजे अंगात एकवीसच राहिलंय असं मी धरून चालले होते. मी नारळ फोडत होते आणि ते हाडांत बसलेलं होतं. शिरूरच्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांनी रक्ताचं सांगितलं. पण ह्यांनी देवापुढं हातात भंडारा घेऊन सांगितलं होतं, आणि मी कागदावरच्या दोन अंकांवर विश्वास ठेवला. देवावर ठेवला नाही. माणसावर तर नाहीच.

आणि लिहून दिलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कोरेगावला कंपनीच्या गेटवर गेले. दीड तास उभी होते. विनोद साहेब गेटवरच भेटले, आत नेलं नाही. मी म्हटलं, माझी चूक झाली, ते भट्टीवर जात नव्हते, कागद परत द्या.

"वहिनी, तो आता फाईलला लागला."

"मग मी दुसरा लिहून देते. खरा."

"द्या ना. पण पहिला तुम्ही स्वखुशीनं दिलेला आहे. दुसऱ्याला लोक म्हणतील, घरच्यांनी दबाव आणला."

मी विचारलं, भट्टी बंद करायला नेला होता ना? ते घड्याळ बघत म्हणाले, ते माझ्या हातात कुठं, मी फक्त पुढं दिलं. आवाज तोच, हळू. वॉचमन माझ्याकडं बघत होता. गेटवर पाटी होती, सुरक्षा प्रथम. एसटीत बसल्यावर मला समजलं, ह्यांच्या अर्जाचं उत्तर मीच लिहून दिलंय.

१३ डिसेंबर

सांगितलं. हे ओट्यावर चालायची काठी घासत बसले होते, तेव्हा सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

"काय काय लिवलंस?"

मी पाठ म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द.

ह्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग विचारलं, "बेल उचलल्यावर लिवलंस, का आधी?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले.

"नंतर."

मान हलवली. एकदाच.

१४ डिसेंबर

चहा स्वतः करून घेतला. माझ्यासाठीही केला, झाकून ठेवला. थंड झाल्यावर दिसला.

२२ डिसेंबर, सोमवार

रजिस्टर पोस्टानं पत्र आलं. ह्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणाले, वाच. मी वाचलं. 'सदर कामगाराच्या पत्नीने स्वतः लिहून दिलेल्या जबाबानुसार, नोकरी सोडल्यानंतर अन्यत्र शिशाशी संपर्क आल्याचे दिसून येते. सबब अर्ज नामंजूर.' सोबत माझ्या कागदाची झेरॉक्स. खरंच अक्षर सुंदर आलंय.

संध्याकाळी करिश्माचा फोन. दुपारी ज्ञानेशरावांना मी पत्र फोनवर वाचून दाखवलं होतं, त्यांनी तिला सगळं सांगितलेलं. "आई, बाबांचं पटलं न्हाई, आन् त्या साहेबाचं एका चहात पटलं?"  ती रडायला लागली, मग म्हणाली, डॉक्टर बाईंनी लेखी दिलं तरी कंपनी म्हणणार, हाडाचं कोण बघतंय, बायकोच सांगतीय भट्टी. ज्ञानेशराव एका वकिलांना भेटले. वकीलही तेच म्हणाले. शिसं कंपनीतूनच आलं आणि हाडांतच होतं, हे दाखवणारं दुसरं काही आहे का?

नाही. काय असणार?

हे आत झोपले होते. झोपले नव्हते. सगळं ऐकत होते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पुणे. ह्यांचा आकडा एकतीस. चालायला लागल्यापासून हाड पुन्हा घट्ट होतंय, हळूहळू उतरेल म्हणाल्या. कॅल्शियम, दूध, नाचणी, आणि रोज चालायचं. पडून राहायचं नाही. हाताची ताकद बघितली, दोन्ही मनगटं वर उचलायला लावली. उचलली. मी श्वास सोडला.

मग डॉक्टर बाईंनी अचानक मला विचारलं, "काकू, ह्यांचे कंपनीतले कपडे कोण धुवायचं?"

मीच. दुसरं कोण? एकवीस वर्षं. कंपनीत धुवायची सोय शेवटच्या दोन-तीन वर्षांत झाली, पण तिथं कपडे नीट निघत नाहीत म्हणून मी घरीच आणायला सांगायचे. आधी ओट्यावर झटकायचे, करडी धूळ उडायची, मग बादलीत. त्याच हातानं पीठ मळायला. करिश्माला मात्र त्या बादलीजवळ येऊ द्यायचे नाही, कपडे घाण म्हणून. तेवढं एक बरं केलं.

पाळी जाऊन किती वर्षं झाली? तीन. पाठ दुखते का? कुणाची नाही दुखत? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पाळी गेली की बायकांची हाडं विरळ होतात, त्यात काही साठलेलं असेल तर तेही बाहेर येतं. आणि माझंही रक्त घेतलं.

परत येताना गाडीत हे खिडकीजवळ बसले, मला आतली जागा दिली.  दौंडला उतरताना माझी पिशवी घेतली.

येमाई, माझ्यात काही निघू देऊ नकोस. ह्यांना अजून एक ओझं नको.

३ जानेवारी २०२६, शनिवार

एक तारखेच्या कोरेगावच्या गर्दीसाठी गाड्या न्हावऱ्यावरून वळवल्या होत्या, दोन दिवस फाट्यापर्यंत जाताच आलं नाही. आज दोघं गेलो. हौसराव म्हणाले, दोन दिवस दाढी वाढली, आता मी साधू दिसतो, नवस बोलायला या.

मी घास भरवले, ह्यांनी दाढी केली. हौसरावांना ह्यांनी कागदाचं सांगितलेलं नाही. मी आहे म्हणून नाही, आधीही सांगितलं नसणार. त्यांच्यापुढं माझी लाज राखली.

येताना मी म्हटलं, मला माफ करा. रस्त्यातच. हे चालत राहिले. मग म्हणाले, "माफ करायला मी कुठं काय धरून ठेवलंय? पर ते सदऱ्यासारखं झटकून बी टाकता येत न्हाई, जाई."

८ जानेवारी, गुरुवार

माझा आकडा आला. चौदा.

शिशाचं काम न केलेल्या माणसात पाचाच्या आत असावा लागतो. मी जन्मात कुठल्या कंपनीत काम केलं नाही, भट्टीचा धूर फाट्यावरून पाहिला तेवढाच. माझ्या अंगात आलं ते ह्यांच्या कपड्यांतून, आणि ह्यांनी कंपनी सोडल्यावरही चार वर्षं माझ्या हाडांत होतं. डॉक्टर बाई लेखी देणार आहेत. वकील फोनवर दोनदा म्हणाले, हेच पाहिजे होतं.

हे खाटेच्या कडेला बसून रडतायत, "मी आणलं गं घरात," म्हणतायत.

त्यांना कसं सांगू, आकडा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा आनंदच झाला.